नाव एकाचे, वाट दुसऱ्याची

हजरत आदम (अलैहिस्सलाम) यांना अल्लाहने नावे शिकवली, हे आपण मुलांना आवर्जून सांगतो. नावापासून ज्ञानाची सुरुवात होते. पण नकाशावरचे नाव पाठ झाले की ती जागा कळली, असे होत नाही. या महिन्यात आम्ही अशाच एका नावाची हकीकत सांगणार आहोत.

अंटार्क्टिकाचे एक लांब द्वीपकल्प दक्षिण अमेरिकेच्या दिशेने गेलेले आहे. त्याच्या पश्चिम किनाऱ्याला, ६५ अंश दक्षिण अक्षांशाजवळ, लेमेअर सामुद्रधुनी आहे. एका बाजूला द्वीपकल्पाचा किनारा, दुसऱ्या बाजूला बूथ बेट. लांबी सुमारे ११ किलोमीटर, पण सर्वांत अरुंद जागी रुंदी एक किलोमीटरही नाही. दोन्हीकडे बर्फाच्छादित कडे पाण्यातून सरळ वर उठतात. बेटाचा आडोसा असल्याने पाणी बहुधा संथ असते. नोव्हेंबर ते मार्च या तिथल्या उन्हाळ्यात जहाजे इथून जातात. हिमनगांनी वाट अडवली तर मागे फिरतात.

१८९८ मध्ये बेल्जियमचे आड्रिएन द जेर्लाश यांनी 'बेल्जिका' हे जहाज या वाटेने नेले. नाव मात्र दिले शार्ल लेमेअर यांचे. लेमेअर त्या जहाजावर नव्हतेच. ते आफ्रिकेतल्या काँगोत काम केलेले बेल्जियन अधिकारी. तेव्हा काँगो ही राजा लिओपोल्ड दुसरा याची खाजगी मालमत्ता होती. रबर गोळा करण्यासाठी तिथल्या लोकांवर सक्ती झाली, गावे जाळली गेली, असंख्य माणसे मेली. त्या राजवटीतले एक नाव असे थेट बर्फाच्या प्रदेशात पोहोचले.

याच मोहिमेत कार्ल विंके हा तरुण नॉर्वेजियन खलाशी जहाजावरून समुद्रात पडून मरण पावला. जवळच्याच एका बेटाला त्याचे नाव आहे. तो ना अधिकारी होता, ना दरबारातला. सोबत्यांनी मात्र त्याची आठवण नकाशावर ठेवली.

दोन्ही नावे एकाच नकाशावर, सारख्याच अक्षरांत छापली जातात. त्यांतला फरक नकाशा सांगत नाही. तो आपल्यालाच शोधावा लागतो. म्हणून घरात मुले नकाशा उघडून बसली की त्यांना दोन प्रश्न जरूर विचारा: हे नाव कुणाचे? आणि ते कुणी, का दिले? आपल्या गावापासून, मोहल्ल्यापासून सुरुवात केली तरी चालेल.