मंडप मोठा, चर्चा कोठे?

शास्त्रज्ञांचे मोठे अधिवेशन आपल्या शहरी भरावयाचे ठरले, की यजमानांच्या घरी लग्नघराची लगबग सुरू होते. मंडप, कमानी, पाहुण्यांची उतरण्याची सोय, स्मरणिका, उद्‌घाटनाला कोण आणि समारोपाला कोण, या चिंतांनी कार्यकर्त्यांची झोप उडते. अधिवेशन पार पडते, आभार मानले जातात, मंडपाचे कापड उतरते. या धामधुमीत एक प्रश्न मात्र विचारावयाचा राहून जातो. इतके विद्वान एका जागी आले, पण त्यामुळे शास्त्र पुढे सरकले काय? हा प्रश्न कोणाला अप्रिय वाटेल, पण तो विचारणे आम्हांस आवश्यक वाटते. मोठ्या अधिवेशनाला आमचा विरोध नाही. परंतु त्याच्या जोडीला एकेका विषयाच्या जाणकारांच्या लहान कार्यशाळा नसतील, तर ते अधिवेशन उत्सव होते, विद्येचे काम होत नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

भारतीय विज्ञान काँग्रेसचाच इतिहास पाहावा. सायमनसेन आणि मॅकमॅहन या दोन रसायनशास्त्रज्ञांच्या पुढाकाराने तिचे पहिले अधिवेशन जानेवारी 1914 मध्ये कलकत्त्यास एशियाटिक सोसायटीच्या वास्तूत भरले. अध्यक्षस्थानी सर आशुतोष मुखर्जी होते. उपस्थिती होती 105 जणांची, निबंध वाचले गेले 35 आणि विभाग होते अवघे सहा. म्हणजे ज्याला आज आपण कार्यशाळा म्हणू, तेवढ्याच आकाराचे ते अधिवेशन होते. निबंध वाचणारा आणि त्यावर शंका घेणारा हे एकमेकांना ओळखत असत. पुढे विज्ञानाचा व्याप वाढला आणि उपस्थितांची संख्या शेकड्यांवरून हजारांवर गेली. ही वाढ अभिमानास्पद खरीच. पण शंभर माणसांच्या बैठकीत जी चर्चा आपोआप होते, ती हजारोंच्या मेळाव्यात मुद्दाम सोय केल्याखेरीज होत नाही. ही सोय करण्याची दृष्टी मंडपाच्या आकाराबरोबर वाढली नाही, हे आमच्या मते खरे दुखणे आहे.

ज्यांनी शिक्षकाचा पेशा केला आहे, त्यांना हे सांगावयास नको. साठ मुलांच्या वर्गात 'कोणाला काही शंका?' असे विचारले, की सारा वर्ग गप्प बसतो. तीच मुले पाचसहाच्या गटात बसविली, की शिक्षकाला पळता भुई थोडी होते. मोठ्या सभेत प्रश्न विचारणे हे धैर्याचे काम ठरते, तर लहान बैठकीत प्रश्न न विचारणे हेच लाजिरवाणे वाटते. विद्वानांचीही गोष्ट याहून वेगळी नाही.

याचा पडताळा मुंबईकरांनी स्वतःच्या डोळ्यांनी घेतला आहे. जानेवारी 2015 मध्ये मुंबई विद्यापीठाच्या आवारात विज्ञान काँग्रेसचे 102 वे अधिवेशन भरले. त्यात संस्कृत ग्रंथांतील प्राचीन विज्ञानाविषयी एक परिसंवाद झाला आणि हजारो वर्षांपूर्वी आपल्याकडे एका ग्रहावरून दुसऱ्या ग्रहावर जाणारी विमाने होती, असे त्यात सांगण्यात आले. आधार होता भरद्वाज ऋषींच्या नावावर चालणाऱ्या एका विमानशास्त्राचा. वास्तविक त्या ग्रंथाची परीक्षा चार दशकांपूर्वीच होऊन गेली होती. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पाच अभ्यासकांनी 1974 साली त्याचा कसून अभ्यास करून दोन निष्कर्ष मांडले होते. हा ग्रंथ 1904 पूर्वीचा असू शकत नाही, हा पहिला. आणि त्यात वर्णिलेली याने उडू शकणार नाहीत, हा दुसरा. परंतु जगभर बातमी गेली ती व्यासपीठावरील विधानाची. बंगळूरच्या अभ्यासाची आठवण लोकांना मागाहून करून द्यावी लागली. त्या अधिवेशनात परिश्रमपूर्वक लिहिलेले इतर निबंधही वाचले गेले असतील. त्यांची वास्तपुस्त कोणी केली नाही. सुक्याबरोबर ओलेही जळते, ते असे.

यावर कोणी म्हणेल, की प्राचीन विज्ञान हा विषयच अधिवेशनातून वगळावा. आम्हांस हे मान्य नाही. विषयात दोष नव्हता, तो मांडण्याच्या जागेत आणि रीतीत होता. याचा पुरावा दिल्लीत सापडतो. नोव्हेंबर 1985 मध्ये आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाचे महाअधिवेशन तेथे भरले होते. ते 19 तारखेस सुरू व्हावयाचे होते. पण त्याआधी, 13 ते 16 नोव्हेंबर या चार दिवसांत, त्याच शहरी पौर्वात्य ज्योतिर्विद्येच्या इतिहासावर तज्ज्ञांची एक स्वतंत्र बैठक घेण्यात आली. भारत, चीन, अरब जगत अशा निरनिराळ्या परंपरांचे अभ्यासक तेथे एकत्र आले. कोणत्या ग्रंथाचा काळ कोणता, कोणते निरीक्षण कोठून आले, कोणी कोणाकडून काय घेतले, याची छाननी झाली. त्या बैठकीतील निबंधांचा ग्रंथ 1987 साली केंब्रिजहून प्रसिद्ध झाला. त्याच्या तीन संपादकांत आर्यभटाच्या ग्रंथाची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करणारे कृपाशंकर शुक्ल होते, विज्ञानेतिहासाचे अभ्यासक ए. के. बाग होते, आणि पुढे पुणे जिल्ह्यातील खोडद येथे महाकाय रेडिओ दुर्बीण उभारणारे गोविंद स्वरूपही होते. संस्कृत जाणणारा आणि दुर्बीण चालविणारा एका मेजाशी बसले, की प्राचीनांचा गौरवही होतो आणि परीक्षाही होते. विषय एकच, देश एकच. एका ठिकाणी ग्रंथ निर्माण झाला, दुसऱ्या ठिकाणी हसे झाले. या दोहोंतील अंतर हेच कार्यशाळेचे मोल होय.

महाराष्ट्राला तर ही शिस्त परकी नाही. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी 1896 साली भारतीय ज्योतिषशास्त्राचा इतिहास मराठीत लिहिला, तो पूर्वजांचा जयजयकार करण्यासाठी नव्हे, तर एकेक ग्रंथ तपासून आणि एकेक गणित ताडून. त्यांच्या वारसांनी टाळ्यांच्या मोहात पडावे, हे शोभत नाही.

ही निकड इतिहासाच्या विषयांपुरती नाही. ऑक्टोबर 2012 मध्ये इटलीतील फ्लॉरेन्स येथे संगणकीय दृष्टीच्या अभ्यासकांची मोठी युरोपीय परिषद भरली होती. त्या परिषदेला जोडून झालेल्या एका लहान कार्यशाळेत चित्रे ओळखण्याच्या स्पर्धेचा निकाल मांडण्यात आला. टोरोंटो विद्यापीठातील जेफ्री हिंटन आणि त्यांचे दोन विद्यार्थी यांच्या यंत्राचे चुकण्याचे प्रमाण सुमारे 15 टक्के होते आणि दुसऱ्या क्रमांकाचे सुमारे 26 टक्के. आज घरोघरी बोलबाला झालेल्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या वाटचालीतील एक निर्णायक वळण त्या कार्यशाळेने पाहिले. हिंटन यांना 2024 साली भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. मुख्य सभागृहाच्या दिमाखापासून दूर, आकड्यांची शहानिशा करू शकणाऱ्या समव्यवसायींपुढे हा निकाल मांडला गेला, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

आपल्या देशाला हे जमत नाही, असेही नाही. ऑगस्ट 2010 मध्ये हैदराबादेस जागतिक गणिती महासभा भरली आणि सुमारे तीन हजार गणिती आले. तिच्या मागेपुढे देशातील निरनिराळ्या शहरांत एकेका शाखेच्या लहान परिषदा भरविण्यात आल्या. त्यांना उपग्रह परिषदा हे नाव मोठे समर्पक आहे. महासभेच्या आधी दोन दिवस स्त्री-गणितज्ञांचीही स्वतंत्र परिषद हैदराबादेतच झाली. ज्या पाहुण्यांचा प्रवासखर्च एका सभेसाठी होतो, त्यांच्या विद्येचा लाभ अनेक गावांतील विद्यार्थ्यांना मिळावा, यापरते काटकसरीचे दुसरे उदाहरण कोणते?

या योजनेवर दोन आक्षेप येतील. पहिला असा, की कार्यशाळा म्हणजे मूठभर पंडितांचा अड्डा. सामान्य विद्यार्थ्याला आणि नागरिकाला तेथे मज्जाव होईल. आक्षेपात तथ्य आहे. मोठ्या अधिवेशनात खेड्यातला शाळकरी मुलगा नामवंत शास्त्रज्ञ प्रत्यक्ष पाहतो, आणि तेवढ्या दर्शनानेही कधी कधी आयुष्याला दिशा मिळते. म्हणूनच आम्ही मंडप उठवा असे म्हणत नाही. कार्यशाळा आधी व्हाव्यात आणि तेथे जे ठरले, जे ठरले नाही व जे खोटे निघाले, त्याचा वृत्तांत मंडपात सोप्या मराठीत, हिंदीत वा यजमान प्रांताच्या भाषेत सांगितला जावा, एवढेच आमचे म्हणणे आहे. जाणकारांनी निवडावे, पाखडावे आणि मग लोकांच्या पानात वाढावे, हा क्रम उलटा होता कामा नये.

दुसरा आक्षेप खर्चाचा. त्याचे उत्तर सोपे आहे. कार्यशाळेला लागतो एक वर्ग, एक फळा, तीसचाळीस खुर्च्या आणि वेळेवर येणारा चहा. कमानींच्या खर्चात अशा किती कार्यशाळा निघतील, याचा हिशेब स्वागत समित्यांनीच मांडून पाहावा.

मात्र मोठ्या सभेचे लहान तुकडे पाडले, की कार्यशाळा होत नाही. तिला काही नियम हवेत. विषय नेमका असावा. 'विज्ञान आणि समाज' यांसारख्या ऐसपैस नावाखाली काहीही खपते. प्रस्ताव जाहीरपणे मागवावेत आणि निवड विषयातील जाणकारांनी करावी. निबंध आधी वाटावेत, म्हणजे वेळ वाचनात न जाता वादात जाईल. जेवढा वेळ वक्त्याला तेवढाच प्रश्नांना द्यावा. निम्म्या नाही तरी एकतृतीयांश जागा तरुण संशोधकांना राखून ठेवाव्यात आणि जिल्ह्याच्या गावातून येणाऱ्याचे गाडीभाडे द्यावे. उद्‌घाटन, हारतुरे आणि सत्कार यांना या खोलीत मज्जाव असावा. आणि वर्षाच्या आत वृत्तांत छापला गेलाच पाहिजे. जी चर्चा लिहिली गेली नाही, ती झाली नाही असेच धरले पाहिजे.

हे लिहिण्यास आजचा काळ अनुकूल आहे. विज्ञान काँग्रेसच्या परंपरेत 2021 आणि 2022 या वर्षी साथीमुळे खंड पडला. 2023 च्या जानेवारीत नागपूरला अधिवेशन झाले. त्यानंतर केंद्राच्या विज्ञान खात्याने अर्थसाहाय्य काढून घेतले आणि 2024 च्या जानेवारीत ठरलेले अधिवेशन भरू शकले नाही. नोव्हेंबर 2025 मध्ये केंद्र सरकारने दिल्लीत भारत मंडपम येथे नव्या नावाची मोठी परिषद भरविली. नाव जुने असो वा नवे, यजमान संस्था असो वा सरकार, आमचा प्रश्न बदलत नाही. पुणे, मुंबई व नागपूर या शहरांत प्रयोगशाळा आहेत, विद्यापीठे आहेत, रिकामे वर्गही आहेत. पुढचे मोठे अधिवेशन यांपैकी कोणत्याही शहरी आले, तर यजमानांनी पहिली बैठक मंडपाच्या कंत्राटासाठी न बोलाविता कार्यशाळांचे विषय ठरविण्यासाठी बोलवावी. पाहुणे कोण आले होते, हे लोक महिन्याभरात विसरतात. त्या खोल्यांत एखादा खोटा सिद्धांत मोडला गेला असेल, किंवा एखाद्या तरुणाला खरा प्रश्न गवसला असेल, तर तेवढ्यानेच अधिवेशनाचा खर्च सार्थकी लागला असे आम्ही समजू.