निवडणूक लांबली, पण सभासद बाया घरी का गेल्या?

कोरोनाच्या साथीत ग्रामपंचायतींच्या निवडणुका पुढं ढकलल्या ते योग्य झालं का, असं विचारलं तर आपल्यापैकी बहुतेकजणी योग्यच झालं म्हणतील. मीही म्हणते. मार्च २०२० च्या अखेरीस सांगली जिल्ह्यातल्या इस्लामपुरात (आता ते ईश्वरपूर झालं आहे) नवे नवे रुग्ण सापडत होते. पाठोपाठ एप्रिलमध्ये कराडची पाळी आली. अशा वेळी शाळेच्या खोलीत मतदानाची रांग लावा, असं कोण शहाणी बाई म्हणेल? राज्य निवडणूक आयोगानं मार्चच्या मध्यावर १,५६६ ग्रामपंचायतींचं मतदान थांबवलं. त्यानंतर वर्षअखेरीपर्यंत आणखी बारा हजारांवर ग्रामपंचायतींची मुदत संपत गेली, त्यांच्याही निवडणुका तुंबल्या. अखेर १५ जानेवारी २०२१ ला राज्यातल्या १४,२३४ ग्रामपंचायतींसाठी एकदमच मतदान जाहीर झालं. त्यांत सातारा जिल्ह्यातल्या ८७९ आणि सांगलीतल्या १५२ होत्या.

माझं भांडण तारखेशी नाही. मधल्या महिन्यांत पंचायतीच्या खुर्चीवर कोण बसलं, याच्याशी आहे.

राज्यघटनेचं कलम २४३-ई सांगतं की पंचायतीची मुदत पाच वर्षं, त्याहून जास्त नाही. आणि ती संपण्याआधी पुढची निवडणूक झालीच पाहिजे. ७३ व्या घटनादुरुस्तीनं १९९३ साली हे कलम आलं ते उगाच नव्हे. त्याआधी देशभर निवडणुका वर्षानुवर्षं लांबवून, प्रशासक बसवून पंचायती मारल्या जात. आपल्या राखीव जागा या मुदतीवरच उभ्या आहेत. निवडणूकच झाली नाही, तर राखीव जागा राहणार कागदावर. सर्वोच्च न्यायालयानंही २००६ साली अहमदाबाद महापालिकेच्या खटल्यात बजावलं होतं की मुदतीत निवडणूक घेणं हे आयोगाचं घटनात्मक कर्तव्य आहे, आणि अपवाद करायचा तर तो खऱ्याखुऱ्या आपत्तीचाच. कोरोना ही तशी आपत्ती होती, यात वाद नाही.

मग सरकारनं काय केलं? जून २०२० मध्ये वटहुकूम काढून ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १५१ मध्ये भर घातली की महामारीसारख्या कारणानं निवडणूक घेता आली नाही, तर प्रशासक नेमता येईल. १३ जुलैच्या शासन निर्णयात लिहिलं की जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यानं पालकमंत्र्यांच्या सल्ल्यानं 'योग्य व्यक्ती' नेमावी. योग्य म्हणजे कोण, हे गावोगावच्या पुढाऱ्यांना सांगावं लागलं नाही. प्रकरण कोर्टात गेलं. उच्च न्यायालयानं अंतरिम आदेश दिला की शक्यतो सरकारी किंवा स्थानिक स्वराज्य संस्थेचाच अधिकारी नेमा. मग पंचायत समितीचे विस्तार अधिकारी आणि तत्सम अधिकारी प्रशासक झाले. एकेकाच्या गळ्यात अनेक गावं.

वर्तमानपत्रांतून तेव्हा जो वाद रंगला तो एवढाच, की पक्षाचा माणूस नेमायचा का सरकारचा माणूस. बाईचा विषय त्यात फारसा कुणी काढला नाही. महाराष्ट्रात २०११ पासून पंचायतीत निम्म्या जागा बायांच्या आहेत. म्हणजे ज्या दिवशी प्रशासकानं सही केली, त्या दिवशी त्या गावातल्या निर्णयाच्या निम्म्या खुर्च्या, ज्या बायांनी कितीतरी वर्षांच्या भांडणानं मिळवल्या होत्या, एका कागदानं रिकाम्या झाल्या. पुरुष सभासदही घरी गेले, हे खरं. पण पुरुष घरी गेला तरी तो चावडीवर असतो, सोसायटीत असतो, दूध डेअरीत असतो, तालुक्याच्या पुढाऱ्याच्या फोनवर असतो. बाईला गावच्या कारभारात बोलायला दार एकच होतं.

आणि हे घडलं कोणत्या महिन्यांत? दोन्ही जिल्ह्यांत पहिली लाट शिगेला गेली ती ऑगस्ट-सप्टेंबर २०२० मध्ये. पाटण, जावळी, माण, खटावची माणसं मुंबईहून परतलेली, रोजगार तुटलेला. सप्टेंबरच्या मध्यावर 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहीम सुरू झाली आणि आशा घरोघर तापमान मोजत फिरू लागल्या. साथीच्या कामात बाया भरपूर होत्या, आशा होत्या, अंगणवाडीताई होत्या. त्यांना मास्क किती मिळाले, विलगीकरणाच्या खोलीत बाईसाठी संडास वेगळा आहे का, मुंबईहून आलेल्या सुनेला घरात घ्यायचं का शाळेत ठेवायचं, हे ठरवणाऱ्यांत त्या नव्हत्या. याच वर्षापासून पंधराव्या वित्त आयोगाचा मोठा हिस्सा थेट ग्रामपंचायतींच्या खात्यावर येऊ लागला, त्यातला निम्मा पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधलेला. पाणी कुणाच्या डोक्यावरून येतं हे आपल्याला माहीत आहे. त्या पैशावर सही मात्र तालुक्याहून येणाऱ्या साहेबाची.

दारू पिऊन नवरा मारतो, रेशनवर नाव चढलं नाही, सासू घराबाहेर काढते, अशा वेळी बाई आपल्या आळीतल्या सभासद बाईकडं जाते. ती सभासद फार काही करू शकत नसेल, पुष्कळदा नवऱ्याच्या धाकातलीही असेल, पण ती हाकेच्या अंतरावर असते. एसटी बंद असताना पंचायत समितीच्या कचेरीत कोण जाणार, आणि गेली तरी साहेब त्या दिवशी दुसऱ्याच गावी. ग्रामसभाही बंद होत्या. ग्रामसभेच्या आधी महिलांची ग्रामसभा घ्यायची, ही कायद्यातली तरतूद पाळली जात नाही म्हणून आपण नेहमी भांडतो. त्या काळात भांडायलाही सभा नव्हती.

'साथच होती, दुसरा इलाज काय,' असं म्हणणाऱ्यांनी आपल्याच भागातली दुसरी गोष्ट पाहावी. त्याच साथीत, त्याच वर्षी, सहकारी संस्थांच्याही निवडणुका पुढं ढकलल्या गेल्या. तिथं प्रशासक बसवणं हा नियम झाला नाही. सरकारनं सहकार कायद्यात दुरुस्ती करून असलेल्या संचालक मंडळांनाच नवी निवडणूक होईपर्यंत पुढं चालू ठेवलं. मुदत तिथंही पाच वर्षांचीच! रेठरे बुद्रुकचा कृष्णा साखर कारखाना घ्या. कराड, वाळवा, कडेगाव, पलूस इथले चाळीस हजारांहून जास्त सभासद. मुदत २०२० मध्ये संपलेली, मतदान झालं २९ जून २०२१ ला. मधलं वर्ष जुनं मंडळच कारभार पाहत होतं. सहकार कायद्यानं अशा मंडळात बायांसाठी किती जागा ठेवल्या आहेत? दोन. मंडळ एकवीसजणांचं असलं, तरी दोनच.

म्हणजे हिशेब असा झाला: जिथं एकवीसात दोन बाया होत्या तिथं सभागृह टिकलं, आणि जिथं निम्म्या होत्या तिथं ते रिकामं केलं गेलं. कुणी मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही. हेतू शोधत बसलं की परिणाम नजरेआड होतो. तेव्हाचे सहकारमंत्रीच सातारचे पालकमंत्रीही होते, एवढी नोंद मात्र करून ठेवते. दोन्ही फायली एकाच टेबलावरून जाऊ शकत होत्या, कुणी त्या शेजारी शेजारी ठेवून वाचल्या का?

यावर उत्तर येतं ते कलम २४३-ईचं. पाच वर्षांहून एक दिवसही जास्त देता येत नाही, म्हणून मुदतवाढ अशक्य होती. सरपंच संघटना मुदतवाढ मागत होत्या, त्यांनाही हेच सांगितलं गेलं. उत्तर अर्धं खरं आहे. मुदतवाढ देता येत नाही, कबूल. पण प्रशासक एकटाच असला पाहिजे, असं घटनेत कुठं आहे? झारखंडमध्ये हाच पेच आला, तेव्हा मावळत्या मुखियांना घेऊन कार्यकारी समित्या केल्या गेल्या. बिहारनं जून २०२१ मध्ये वटहुकूम काढून परामर्शी समित्या नेमल्या. मावळते मुखिया आणि सभासदच त्यांवर राहिले, आणि त्या वर्षाच्या उत्तरार्धात टप्प्याटप्प्यानं निवडणुका झाल्या. बिहारमध्ये पंचायतीत निम्म्या जागा बायांना २००६ पासून आहेत, आपल्यापेक्षा पाच वर्षं आधी. मागास म्हणून आपण ज्या राज्यांकडं बोट दाखवतो, त्यांना ही वाट सापडली. आपल्याला 'योग्य व्यक्ती' सापडली.

निवडणूक कशीही करून रेटायचीच, असाही माझा आग्रह नाही. उत्तर प्रदेशात एप्रिल २०२१ मध्ये, दुसऱ्या लाटेच्या ऐन भरात, पंचायत निवडणुका घेतल्या. निवडणुकीच्या कामावर गेलेले १,६२१ शिक्षक-कर्मचारी दगावल्याचं तिथल्या प्राथमिक शिक्षक संघानं सांगितलं. सरकार आधी फक्त तिघांचा मृत्यू मान्य करत होतं. मतपेटी वाहणाऱ्या बाईचाही जीव असतो. उलट बाजूला, घ्यायचीच म्हटली की निवडणूक कशी होते तेही आपण पाहिलं. मे २०२० मध्ये मुख्यमंत्र्यांना सहा महिन्यांच्या आत सभागृहाचं सदस्य होणं भाग होतं, तर कडक टाळेबंदीत विधान परिषदेच्या नऊ जागा बिनविरोध भरल्या गेल्या. तिथं मतदार आमदारच, गावोगावच्या मतदानाशी त्याची तुलना होत नाही. पण त्या खुर्चीसाठी सगळ्यांना जी घाई होती, तिच्यातली थोडी गावाच्या वाट्याला यायला हवी होती.

एका पंचायतीच्या ठरावानं काय होतं, असंही कुणी म्हणेल. सांगलीला लागून असलेल्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडनं ते दाखवलं. कोरोनानं इतक्या बाया विधवा केल्यानंतर, ४ मे २०२२ ला हेरवाडनं विधवेच्या बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, मंगळसूत्र तोडणं बंद करण्याचा ठराव केला. दोन आठवड्यांच्या आत सरकारला परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींना त्याचं अनुकरण करा म्हणून सांगावं लागलं. असा ठराव गावात राहणाऱ्या, गावाला तोंड देणाऱ्या माणसांकडूनच येतो. विस्तार अधिकाऱ्याच्या दैनंदिनीत त्याला रकाना नसतो.

साथ गेली, पण प्रशासकाची सवय गेली नाही. सातारा आणि सांगली जिल्हा परिषदांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. तेव्हा कारण साथीचं नव्हतं. ओबीसी आरक्षणाचा खटला, प्रभागांची रचना, असं एकापाठोपाठ एक निघत गेलं. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं चार महिन्यांत निवडणुका घ्या म्हणून सांगितलं, तरी ते सालही दोन्ही जिल्हा परिषदांच्या सभागृहांनी सभासदांविनाच काढलं. साथीतले महिने आपण मुकाट्यानं सोसले, मग वर्षं सोसायला लावणं सोपं गेलं. त्या निम्म्या जागांबद्दल या काळात आपण किती मोर्चे काढले, ते आपापल्या संघटनेच्या दप्तरात पाहा.

कलम १५१ मधली साथीची तरतूद हा आपल्या मागणीचा विषय झाला पाहिजे, आणि तोही पुढची साथ येण्याआधी. मागणी साधी आहे. आपत्तीमुळं निवडणूक लांबली तर एकटा प्रशासक नको, समिती हवी. तिच्यात मावळत्या सभागृहातल्या निम्म्या बाया हव्यात, राखीव जागांवरच्या दलित, आदिवासी आणि भटक्या जमातींतल्या बायांसह. या समितीनं नवी कंत्राटं देऊ नयेत, जमिनीचे व्यवहार करू नयेत. पाणी, रेशन, आरोग्य एवढंच पाहावं. तिची मुदत सहा महिन्यांची असावी आणि ती वाढवायची असेल तर आयोगानं लेखी कारण द्यावं. ग्रामसभा एकत्र भरवता येत नसेल, तर वाडीवार, आळीवार महिला सभा घ्याव्यात. कराड, वाळवा आणि खटावच्या गटांनी याचा मसुदा करायला घ्यावा. आपापल्या गावात २०२० साली प्रशासक कोणत्या तारखेला आला, किती वेळा गावात आला आणि नवा सरपंच कधी बसला, हे ग्रामसेवकाकडून लेखी मागून घ्या. माहितीच्या अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो.