‘माझी आई खूप प्रेमळ आहे’

ही ओळ तुम्हीही लिहिली आहे. दुसरीत किंवा तिसरीत, दहा ओळींच्या निबंधात. माझी आई खूप प्रेमळ आहे. ती पहाटे लवकर उठते. ती मला खूप आवडते. तुमची आई तेव्हा रात्रपाळी करत असेल, उशिरा उठत असेल, डबा भरताना तुमच्यावर खेकसत असेल. वहीतली आई मात्र सगळ्या वर्गाची एकच होती.

हा निबंध आता नव्या कपड्यांत परत आलाय. बोळिंजला आमच्या बिल्डिंगमधली पाच-सहा मुलं संध्याकाळी माझ्याकडे अभ्यासाला बसतात. सगळी पहिली ते चौथीतली. त्यातल्या एकीला शाळेतून ‘जर्नल’ मिळालं. गुळगुळीत कागद, प्रत्येक पानावर वर एक प्रश्न आणि खाली रेघा. ‘आज मला कशाबद्दल कृतज्ञता वाटते?’ ‘मला सुपरपॉवर मिळाली तर?’ ‘माझं स्वप्न.’ पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाळ्यांचा पाऊस पडला, आता मुलं रोज लिहिणार म्हणून. दोन आठवड्यांत आई सांगतेय आणि मुलगी उतरवून घेतेय, असा प्रकार सुरू झाला.

एक दिवस तिने मला विचारलं, “मावशी, कृतज्ञतामध्ये काय लिहायचं असतं?”

कृतज्ञता म्हणजे काय, हे तिने विचारलं नाही. काय लिहायचं असतं, हे विचारलं. सात वर्षांच्या मुलीला बरोबर कळलं होतं की उत्तर आधीच ठरलेलं आहे आणि ते तिच्याकडे नाही.

मुलांना विषय देण्याला माझा विरोध नाही. कोऱ्या पानापुढे मोठी माणसंही गारठतात. मुलाला धरायला काहीतरी लागतंच. माझं भांडण खोट्या प्रश्नांशी आहे. विचारणाऱ्याला उत्तर आधीच माहीत असेल, तर तो प्रश्न नसतो, ती परीक्षा असते. आणि परीक्षेत मूल तेच करतं जे आपण सगळ्यांनी केलं: समोरच्याला हवं ते लिहून मोकळं होतं. रोज एक पान या हिशोबाने आपण त्याच्याकडून लिहिण्याचा सराव करून घेत नाही, गोड खोटं बोलण्याचा सराव करून घेतो.

मी तिला दुसरा प्रश्न दिला. आज तुमच्या घरात सगळ्यात आधी कोण उठलं? जर्नलच्या मागच्या कोऱ्या पानावर तिने लिहिलं: ‘पप्पा. ते अंधारात जातात कारण लवकर गेलं तर ट्रेनमधे सीट भेटते. ते लाईट लावत नाय. मी जागी असते पण झोपायचं नाटक करते.’

हे मला माहीत नव्हतं. तिच्या आईलाही माहीत नव्हतं. विरार लोकलवर जगणाऱ्या हजारो घरांतली पहाट त्या चार ओळींत होती, आणि ती कुणीही सांगितलेली नव्हती.

वही शाळेतून परत आली. ‘भेटते’ला लाल गोल, त्यावर ‘मिळते’. ‘नाय’ला गोल. खाली शेरा: अक्षर सुधारावे. झोपेच्या नाटकाबद्दल एक अक्षर नाही. बाईंवर माझा राग नाही. त्यांच्या टेबलावर अशा वह्यांचा ढीग असतो आणि चुका मोजणं हे वाचण्यापेक्षा लवकर उरकतं. पण मुलीने अर्थ घेतला तो घेतलाच. पुढच्या पानावर तिने लिहिलं, ‘माझे बाबा खूप मेहनती आहेत.’ पप्पांचे बाबा झाले. चूक एकही नव्हती.

याला पर्याय शोधायला फार लांब जायला नको. आपल्याच पालघर जिल्ह्यात, बोर्डीला, १९४५ साली ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी काम सुरू केलं. पुढे ते कोसबाडला गेलं. आदिवासी पाड्यांतली मुलं शाळेत येत नाहीत म्हटल्यावर त्यांनी शाळाच पाड्यावरच्या अंगणात नेली. माँटेसोरीचं महागडं साहित्य परवडणार नाही म्हटल्यावर शंख-शिंपले, बिया, पानं, खडे घेतले. मुलाच्या हाताशी जे आहे तिथून सुरुवात, एवढं साधं सूत्र. तिकडे न्यूझीलंडमध्ये सिल्व्हिया अ‍ॅश्टन-वॉर्नर माओरी मुलांना रोज विचारायच्या, आज तुला कुठला शब्द हवा? मूल मागेल तो शब्द कार्डावर लिहून त्याच्या हातात द्यायचा. भीतीचे, भुतांचे, मारामारीचे शब्द मुलं एका नजरेत शिकायची. जो शब्द दुसऱ्या दिवशी आठवत नसे, तो त्या टाकून द्यायच्या. तो मुलाचा नव्हताच.

आता कुणीतरी म्हणेल, शुद्धलेखनाचं काय? २०२१ पासून निपुण भारत आहे, २०२६-२७ पर्यंत तिसरी संपेतो प्रत्येक मुलाला वाचता-लिहिता यायला हवं, आणि तुम्ही ‘भेटते’चं कौतुक करताय? हो, करतेय. ‘मिळते’ शिकवायला अख्खं वर्ष पडलंय. वेगळ्या तासाला, वेगळ्या वहीत शिकवा. पण मूल पहिल्यांदा खरं बोललं त्याच पानावर नको. लिहिलेलं कुणीतरी वाचतंय हे कळलेलं मूल नीट लिहायचा प्रयत्न आपणहून करतं, कारण आता त्याला समोरच्यापर्यंत पोचायचं असतं.

हे मी तुम्हाला का सांगतेय? तुम्हाला अजून मुलंबाळं नसतील. पण मित्राचे वडील गेले तेव्हा तुम्ही मेसेज टाईप केलात, खोडलात, पुन्हा केलात आणि शेवटी ग्रुपवरचं ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ कॉपी करून टाकलंत. हल्ली तर चॅटजीपीटीला सांगता. तुमच्याकडे शब्द नाहीत असं नाही. त्या मित्राच्या वडिलांनी तुम्हाला स्कूटर शिकवली होती, हे तुम्हाला लिहायचं होतं. पण लिहायचं म्हणजे ‘काय लिहायचं असतं’ ते लिहायचं, हे दुसरीतच पक्कं झालंय.

तुमच्या घरात भाचा असेल, पुतणी असेल, शेजारचं पोरगं असेल. त्याला सुपरपॉवर विचारू नका. आज पाणी किती वाजता आलं आणि कोण ओरडलं, ते विचारा. लिफ्ट बंद पडली तेव्हा आजी कुठे होती? तुला कुणाचा राग आलाय? ते जे लिहील ते पेन खाली ठेवून वाचा. मग त्याच पानावर, लाल सोडून कुठल्याही शाईने, एक खरा प्रश्न लिहा.

मी तिच्या वहीत लिहिलं होतं, ‘तू जागी असतेस हे पप्पांना माहीत आहे का?’

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. ‘मला वाटतं आहे. ते जाताना पंखा कमी करतात.’