सुट्टीची वाटणी आणि मुलाचा नकार

दिवाळीची निम्मी सुट्टी आईकडे, निम्मी वडिलांकडे. उन्हाळ्याच्या सुट्टीचेही तसेच. विभक्त दाम्पत्याच्या मुलांच्या ताब्याविषयीच्या आदेशात किंवा परस्परसंमतीच्या घटस्फोटातील अटींत हे वाक्य बहुधा असतेच. ते लिहिले जाते तेव्हा तडजोड साधल्याचे समाधान सर्वांनाच मिळते. मात्र ठरलेल्या सकाळी वडील इमारतीखाली येऊन थांबतात आणि नऊ-दहा वर्षांचा मुलगा ‘मी जाणार नाही’ म्हणून आतल्या खोलीची कडी लावून बसतो, तेव्हा काय करायचे याविषयी तो आदेश मौन बाळगतो.

मग आरोप सुरू होतात. आईने मुलाला पढवले, असे वडिलांचे म्हणणे. मुलालाच ते नकोसे झाले आहेत, असे आईचे. प्रकरण पोलीस ठाण्यात गेले तर पोलीस नोंद घेऊन न्यायालयाचा रस्ता दाखवतात. त्यांचे चुकते असेही नाही, कारण रडणाऱ्या मुलाला खाकी गणवेशाच्या धाकाने गाडीत बसवणे हा उपाय होऊ शकत नाही. अडचण अशी की, दिवाळी आणि मे महिन्यात न्यायालयांनाही सुट्टी असते. ज्या दिवसांत हा तंटा पेटतो, नेमक्या त्याच दिवसांत तो सोडवणारी यंत्रणा अपुऱ्या बळावर चालते. सुट्टीकालीन न्यायालयात तातडीचा अर्ज करता येतो. परंतु दुसऱ्या बाजूचे म्हणणे दाखल होऊन आदेश होईपर्यंत शाळेची घंटा वाजलेली असते. हातात उरतो तो अवमानाचा अर्ज.

हे हत्यार या कामासाठी घडवलेले नाही. न्यायालय अवमान अधिनियम, १९७१ नुसार दिवाणी अवमान ठरण्यासाठी आदेशाचा भंग हेतुपुरस्सर झालेला असावा लागतो. मूल स्वतःच नको म्हणत असेल, तर आईचा हेतू सिद्ध कसा करायचा? आणि सिद्ध झालाच, तर आईला शिक्षा करवून आणणाऱ्या वडिलांकडे ते मूल पुढच्या सुट्टीत आनंदाने जाईल, अशी अपेक्षा कोण करील?

मुलाच्या इच्छेविषयी कायदा गप्प नाही. मूल विचारपूर्वक पसंती सांगण्याइतके मोठे असेल तर न्यायालय ती विचारात घेऊ शकते, असे १८९० च्या पालक आणि पाल्य अधिनियमाचे कलम १७ सांगते. हिंदू विवाह कायद्याचे कलम २६ शक्य तेथे मुलांच्या इच्छेशी सुसंगत आदेश करण्यास सांगते. दोन्हीकडे नेमके वय दिलेले नाही, हे योग्यच म्हणावे लागेल. पण इच्छा ऐकायची आहे, तिच्यावर निकाल सोपवायचा नाही. अंतिम कसोटी मुलाच्या कल्याणाची.

या कसोटीवर एकाच प्रकारचा नकार किती निरनिराळा ठरू शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाच्या दोन निकालांतून दिसते. २०१२ मधील प्रकरणात न्यायमूर्तींनी वडिलांकडे राहणाऱ्या दोन मुलींशी स्वतः संवाद साधला. त्यांची अनिच्छा ठाम असल्याचे पाहून आईला ताबा तर नाहीच, भेटीचा हक्कही मिळाला नाही. २०१७ मधील प्रकरणातील मुलगी जेमतेम दोन वर्षांची असताना आईपासून दुरावली होती. ती आता वडिलांकडेच राहू इच्छित होती. तथापि, आईचा सहवासच न मिळालेल्या मुलीची पसंती खरी पसंती मानता येईल का, हा प्रश्न न्यायालयाने उपस्थित केला आणि मुलीला शैक्षणिक वर्षभरासाठी आईकडे सोपवले. जुलै २०२५ मध्ये तर या न्यायालयाने, मुलाच्या मनावरील ताणाचे तज्ज्ञांचे अहवाल पाहून, ताबा वडिलांकडे देणारा स्वतःचाच आदेश मागे घेतला.

म्हणजे नकार हे उत्तर नसून चौकशीची सुरुवात आहे. मारहाणीची किंवा लैंगिक छळाची भीती असेल, तर ती चौकशी त्याच दिवशी व्हायला हवी आणि तोवर भेट देखरेखीखालीच व्हावी. पण बहुसंख्य नकारांची कारणे साधी, म्हणूनच दुर्लक्षित असतात. इमारतीतील मित्रांनी बांधायला घेतलेला किल्ला, क्रिकेटचे शिबिर, वडिलांच्या घरातील नवी व्यक्ती, किंवा आपण गेलो तर आई एकटी पडेल ही चिंता. सुट्टी म्हणजे आजोळ, हे आपल्याकडचे जुने समीकरण. घटस्फोटानंतर आई माहेरी परतली असेल तर आजोळ हेच मुलाचे रोजचे घर होते आणि सुट्टीत जायचे ते वडिलांचे घर परके वाटू लागते. त्यात दुष्टावा कोणाचाच नसतो.

तरीही ‘त्यालाच यायचे नाही, मी काय करू?’ हे ताबा असलेल्या पालकाचे उत्तर पुरेसे नाही. दंतवैद्याकडे जायलाही मूल नकार देते. तेव्हा आपण त्याचा कौल घेत बसत नाही. मुलाची पिशवी भरून देणे, आजी-आजोबांना निरोप पाठवणे, जाताना चेहरा हसरा ठेवणे, एवढे तरी त्या पालकाच्या हाती असते. दुसऱ्या पालकानेही आठ दिवसांचा हट्ट सोडून पहिल्या दिवाळीत दोन दिवसांवर समाधान मानले, तर पुढची दिवाळी मोठी होते. दूर असलेल्या पालकाशी मुलाचे दूरध्वनीवर किंवा व्हिडिओवर नियमित बोलणे व्हावे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये बजावले, त्याचे मोल इथे कळते. ज्याच्याशी रोज पाच मिनिटे बोलणे होते, त्याच्या घराची भीती वाटत नाही.

विधी आयोगाने मे २०१५ मधील २५७ व्या अहवालात पालकत्वाचा आराखडा आधीच ठरवून घेण्याचा विचार मांडला होता. त्यानुसार व्यापक कायदा झालेला नाही. मात्र आजच्या कायद्यातही आदेशात चार ओळी वाढवण्यास कोणाची आडकाठी नाही. मुलाने नकार दिल्यास किती दिवसांत समुपदेशकाकडे न्यायचे, हुकलेले दिवस केव्हा भरून द्यायचे, पहिली भेट कोठे घ्यायची, हे त्यात लिहिता येते. कौटुंबिक न्यायालयांत विवाह समुपदेशक आहेतच. शाळेचे वर्षाचे वेळापत्रक जूनमध्ये पालकांच्या हाती पडते, तेव्हा दिवाळीच्या तारखा कळलेल्या असतात. अर्ज तेव्हाच केला तर तो न्यायालयाच्या सुट्टीत अडकत नाही.