ओसरलेला पूर आणि विरलेली धास्ती

हवामानबदलाची माहिती नसल्यामुळे लोक आपले वागणे बदलत नाहीत, हा समज बहुतेक जनजागृती मोहिमांच्या मुळाशी असला, तरी हैदराबादचा इतिहास त्याला दुजोरा देत नाही. 28 सप्टेंबर 1908 रोजी मुसी नदीच्या महापुराने या शहरातील सुमारे 15,000 माणसांचा बळी घेतला आणि पुढे अभियंते विश्वेश्वरय्यांच्या पूरनियंत्रण योजनेतून 1920 मध्ये उस्मानसागर, तर 1927 मध्ये हिमायतसागर हा जलाशय पूर्ण झाला. शहराला पिण्याचे पाणी मिळाले, पुराची धास्ती मात्र विरत गेली आणि वस्ती नदीपात्राकडे सरकली. संरक्षण वाढले की माणूस अधिक धोका पत्करतो, हे अमेरिकी भूगोलज्ञ गिल्बर्ट व्हाइट यांनी 1945 मध्येच दाखवून दिले होते. त्यांचे शिष्य रॉबर्ट केट्स यांनी 1962 मध्ये त्यात भर घातली, की पूरप्रवण भागातील माणसाला स्वतः पाहिलेल्या पुरापेक्षा मोठ्या पुराची कल्पनाच करवत नाही. हवेचे तापमान एका अंश सेल्सिअसने वाढले की तिची बाष्प धरण्याची क्षमता सुमारे 7 टक्क्यांनी वाढते, म्हणजे पाऊस बदलत असताना मन मात्र जुन्याच मापाने मोजत राहते.

शहरातील हुसेनसागर तलावाचे जादा पाणी मुसीत नेणारा नाला हिमायतनगर, नारायणगुडा, नल्लकुंटा या दाट वस्तीतून जातो. ऑगस्ट 2000 मध्ये बेगमपेट येथे एका दिवसात 24 सेंटिमीटर, तर ऑक्टोबर 2020 मध्ये 19 सेंटिमीटर पाऊस नोंदला गेला. अशा पावसानंतर नाल्याकाठचा रहिवासी उंबऱ्यापुढे विटांचा बांध घालतो, पाण्याची मोटार जिन्यावर हलवतो, तळघराच्या तोंडाशी सिमेंटचा उंचवटा करतो. दर डांबरीकरणागणिक रस्ता वर चढून जुने घर खाली राहते, तेव्हा बांधावर आणखी एक थर येतो. एक उपाय केला की काळजी शमते आणि पुढचे उपाय सुचेनासे होतात, या प्रवृत्तीला मानसशास्त्रज्ञ एल्के वेबर यांनी ‘एकाच कृतीचा कल’ म्हटले आहे. अडवलेले पाणी शेजारच्या, बहुधा अधिक गरीब, घरात शिरते.

तरीही सगळा दोष रहिवाशाच्या माथी मारणे अन्यायाचे आहे. उस्मानसागर आणि हिमायतसागर या दोन्ही जलाशयांभोवतीच्या दहा किलोमीटर परिसरातील बांधकामांवर 1996 च्या शासनादेशाने घातलेले निर्बंध 2022 मध्ये सरकारनेच उठवले, आणि ही विस्मृती विटांच्या बांधाहून कितीतरी घातक आहे. ते निर्बंध पुन्हा लागू व्हायला हवेत. नाला रुंद करताना ज्यांची घरे जातील त्यांना त्याच परिसरात आधी घर मिळायला हवे. आणि नारायणगुड्यात उभ्या असलेल्या केशव मेमोरियलसारख्या शाळांनी 2000 आणि 2020 मध्ये पाणी कुठवर चढले होते हे आसपासच्या वडीलधाऱ्यांना विचारून, त्या पातळीच्या रेघा गल्लीगल्लीतील भिंतींवर तारखेसह रंगवून घ्यायला हव्यात.