नागरिकशास्त्राला ग्रामसभेत न्या

1897 मध्ये विल्यम ली-वॉर्नर या सनदी अधिकाऱ्याचं ‘द सिटिझन ऑफ इंडिया’ हे शालेय पुस्तक निघालं. लेखकाची बरीचशी नोकरी मुंबई इलाख्यात झालेली. खेड्यापासून सुरुवात करून हे पुस्तक विद्यार्थ्याला पायरीपायरीने थेट साम्राज्यापर्यंत नेतं आणि इंग्रजी अंमलाने किती भलं केलं, हे त्याच्या मनावर बिंबवतं. ज्यांना मताचा अधिकार मिळण्याची चिन्हंही नव्हती, त्या मुलांनी राजनिष्ठ राहावं, ही त्यामागची अपेक्षा.

स्वातंत्र्यानंतर हेतू पार बदलला. 1952-53 च्या मुदलियार आयोगाने लोकशाहीला साजेसा नागरिक घडवणं हे माध्यमिक शिक्षणाचं उद्दिष्ट मानलं. आज महाराष्ट्रात सहावीला स्थानिक शासन, सातवीला संविधान, आठवीला संसद असा क्रम आहे. गावापासून सुरुवात करण्यात गैर काहीच नाही. पण धड्यातली ग्रामपंचायत ‘थोडक्यात उत्तरे लिहा’पुरती उरते आणि शाळेजवळच्या पंचायत कार्यालयात मूल कधी पाऊलही टाकत नाही. दहावीला इतिहास आणि राज्यशास्त्र मिळून 40 गुणांची लेखी परीक्षा, त्यात राज्यशास्त्राचा वाटा लहान. साहजिकच बऱ्याच शाळांत इतिहास संपल्यावर उरलेल्या तासांत राज्यशास्त्र उरकलं जातं.

वेगळी वाट सापडली नव्हती असं नाही. 2005 च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानंतर एनसीईआरटीने सहावी ते आठवीसाठी नागरिकशास्त्राच्या जागी ‘सामाजिक आणि राजकीय जीवन’ ही पुस्तकं आणली. सातवीच्या एका धड्यात एका शर्टाचा प्रवास होता. कर्नूलची कापूस उत्पादक शेतकरी, तिला कर्ज देणारा व्यापारी, इरोडचे विणकर, कपडे शिवणाऱ्या कामगार, परदेशातलं दुकान. प्रत्येक टप्प्यावर कोणाच्या हाती किती पैसे पडतात, हे मुलांनी शोधायचं. यवतमाळच्या मुलाला हा धडा समजावून सांगावा लागणार नाही, कारण कापसाच्या भावाची चर्चा तो घरीच ऐकत असतो.

दहावीनंतर विज्ञानाकडे वळलेल्यांची नागरिकशास्त्राशी पुन्हा गाठ पडत नाही. मतदानाचं वय तर 1989 पासून अठरा आहे. म्हणजे हा विषय सुटल्यावर जेमतेम दोन-तीन वर्षांत हाती मत येतं.

26 जानेवारी आणि 15 ऑगस्टला मुलं झेंडावंदनाला येतात, खाऊ घेतात आणि घरी जातात. या दोन्ही दिवशी गावोगावी ग्रामसभा भरवण्याचा प्रघात आहे. आठवी-नववीच्या मुलांना शिक्षकांनी तिथे न्यावं. त्यांना मत नाही, पण ऐकता येतं. पाण्याचा प्रश्न कोणी काढला, ग्रामपंचायत अधिकाऱ्याने काय उत्तर दिलं, बायका किती होत्या, त्यांतल्या किती बोलल्या, हे मुलांनी वहीत टिपावं आणि पुढच्या तासाला त्यावर वर्गात चर्चा व्हावी. दहावीला सामाजिक शास्त्रांच्या अंतर्गत मूल्यमापनाचे 20 गुण असतात. त्यांतले काही या टिपणाला देता येतील.