चार रात्रींची खोली आणि पाच गिनी

हॉटेल म्हटले की आपल्या वस्तीत डोळ्यांसमोर येते ते नाक्यावरचे चहा-भज्यांचे दुकान. राहायचे ते लॉज, आणि थोडक्या पैशांत अंग टाकायची ती धर्मशाळा. परंतु मोठ्या शहरांत शंभर-सव्वाशे वर्षांची अशीही हॉटेले आहेत की ज्यांच्या नुसत्या पायऱ्या पाहून माणूस चपलांची धूळ झटकू लागतो. त्यांत कोणते राजे-महाराजे उतरले, कोणत्या नटीला कोणती खोली मिळाली, याच्या हकिगती छापून येतात आणि लोक त्या चवीने वाचतात. आम्हीही वाचतो. आज मात्र आम्ही वेगळ्या पाहुण्याची हकिगत सांगणार आहोत. त्याने खोली आधी ठरवली होती, पैसे आधी भरले होते, आणि तरीही त्याला सांगण्यात आले की उद्या सकाळी चालते व्हा.

लंडनच्या रसेल चौकात इम्पीरियल नावाचे हॉटेल होते. चार्ल्स फिट्झरॉय डॉल या वास्तुरचनाकाराने विसाव्या शतकाच्या आरंभी ते उभे केले. दर्शनी भाग तांबूस भाजल्या मातीच्या नक्षीचा, वर पुतळे, आत तुर्की पद्धतीचे स्नानगृह. थाटमाट भरपूर. ३० जुलै १९४३ या दिवशी या हॉटेलच्या दारात लिअरी कॉन्स्टंटाइन नावाचे गृहस्थ आपली पत्नी नॉर्मा आणि मुलगी ग्लोरिया यांना घेऊन आले.

क्रिकेटचे वेड असलेल्या जुन्या वाचकांना हे नाव ठाऊक असेल. कॉन्स्टंटाइन हे वेस्ट इंडीजमधील त्रिनिदाद बेटावरचे. जन्म १९०१ चा. त्यांचे पूर्वज गुलाम म्हणून राबलेले, वडील कोकोच्या मळ्यावर मुकादम. १९२८ साली वेस्ट इंडीजचा संघ पहिला कसोटी सामना खेळला त्या संघात हे होते. जलद गोलंदाजी, तडाख्याची फलंदाजी आणि क्षेत्ररक्षण तर असे की लोक केवळ ते पाहायला येत. पुढे ते इंग्लंडातल्या नेल्सन या गिरणीगावाच्या संघातून अनेक वर्षे खेळले. गिरणी कामगारांच्या त्या गावाने या काळ्या माणसाला डोक्यावर घेतले. आमच्या गिरणगावच्या वाचकांना यात नवल वाटणार नाही.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटिश सरकारच्या कामगार खात्याने त्यांना लिव्हरपूल येथे कल्याण अधिकारी नेमले. युद्धाच्या कारखान्यांत काम करायला वेस्ट इंडीजमधून आलेल्या कामगारांच्या राहण्याची, जेवणाची, तक्रारींची व्यवस्था पाहणे हे त्यांचे काम. हे ध्यानात ठेवा, कारण दुसऱ्यांना राहायला जागा मिळवून देणारा सरकारी अधिकारीच येथे जागेला मोताद झाला.

ऑगस्टच्या आरंभी लॉर्ड्सच्या मैदानावर त्यांना सामना खेळायचा होता. त्यासाठी चार रात्रींची खोली ठरवली. दोन पौंड अनामत भरली. एवढेच नव्हे, आपल्या वर्णामुळे अडचण तर येणार नाही ना, अशी चौकशीही आधी झाली होती आणि अडचण नाही असे उत्तर मिळाले होते. ज्याने आयुष्यभर चटके खाल्ले आहेत तो माणूस असाच वागतो. मुलगी बरोबर आहे, पत्नी बरोबर आहे, त्यांच्यासमोर शोभा नको, म्हणून आधी विचारून घेतो. आमच्यातल्या कितीतरी बापांनी असे केले आहे.

हॉटेलात आल्यावर त्यांना कळवण्यात आले की फक्त आजची रात्र राहता येईल. कारण काय, तर हॉटेलात अमेरिकन गोरे उतरले आहेत, त्यांना काळी माणसे चालत नाहीत. त्या वेळी अमेरिकेचे सैन्यच मुळी काळ्या-गोऱ्यांच्या वेगवेगळ्या तुकड्यांत वाटलेले होते. त्यांनी आपला भेद सामानाबरोबर बोटीतून आणला आणि लंडनच्या हॉटेलवाल्याने गिऱ्हाईक राखण्यासाठी तो आपल्या गल्ल्यावर मांडून ठेवला. कॉन्स्टंटाइन यांचे खात्यातले वरिष्ठ अधिकारी मदतीला आले. हे सरकारी अधिकारी आहेत, ब्रिटिश प्रजाजन आहेत, असे त्यांनी सांगून पाहिले. हॉटेलच्या व्यवस्थापिका बाईंनी काळ्यांसाठी गोरे लोक जो ओंगळ शब्द वापरतात तोच वापरून नकार दिला. शेवटी भांडण वाढू नये म्हणून सगळे कुटुंब जवळच्याच बेडफर्ड हॉटेलात गेले. तेही त्याच कंपनीचे. तेथे मात्र त्यांचे नीट स्वागत झाले, खोली मिळाली, आणि कॉन्स्टंटाइन ठरल्याप्रमाणे लॉर्ड्सवर सामना खेळले.

येथे व्यवहारी माणूस म्हणेल, मिटले ना मग! झोपायला गादी मिळाली, तीही त्याच मालकाची. आता कशाला कोर्टकचेरी? हा प्रश्न आम्हाला फार ओळखीचा आहे. कुणी पाणवठ्यावर अडवले तर म्हणायचे पलीकडच्या विहिरीवर जा, कुणी घर नाकारले तर म्हणायचे पुढच्या गल्लीत बघा. सोय आणि हक्क या दोन वेगळ्या वस्तू आहेत. सोय कुणीही करून देतो, अपमान करणारासुद्धा. कॉन्स्टंटाइन यांना गादी मिळाली होती, पण जो अधिकार त्यांनी पैसे मोजून आणि नियमाने मिळवला होता तो काढून घेतला गेला होता, तोही मुलीच्या देखत. सप्टेंबर १९४३ मध्ये पार्लमेंटात यावर प्रश्न विचारला गेला आणि कॉन्स्टंटाइन यांनी हॉटेल कंपनीवर दावा लावला.

अडचण अशी की इंग्लंडात तेव्हा वर्णभेदाविरुद्ध कायदाच नव्हता. काळा म्हणून हाकलले, याला शिक्षा कोणत्याच पुस्तकात नव्हती. मग वकिलांनी कित्येक शतकांपूर्वीचा सराईचा नियम शोधून काढला. घोड्यावरून, पायी प्रवास करणारा वाटसरू रात्री रानात मरू नये म्हणून इंग्लंडच्या जुन्या रूढ कायद्यात असे बंधन होते की सराई चालवणाऱ्याने जागा असेल तर आणि वाटसरू पैसे द्यायला तयार असेल तर त्याला आत घेतलेच पाहिजे. वाजवी कारणाशिवाय नकार देता येणार नाही. कॉन्स्टंटाइन यांच्या बाजूने सर पॅट्रिक हेस्टिंग्ज हे नामांकित बॅरिस्टर उभे राहिले.

जून १९४४ मध्ये न्यायमूर्ती बर्केट यांच्यापुढे सुनावणी झाली. हॉटेलवाल्यांचे म्हणणे असे की कॉन्स्टंटाइन आपणहून गेले, त्यांना दुसरी जागा दिली होती, आणि त्यांचे पैशाने काही नुकसान झालेले नाही, तेव्हा दावा चालतच नाही. न्यायमूर्तींनी कॉन्स्टंटाइन आणि त्यांच्या साक्षीदारांचे म्हणणे खरे मानले. दुसरे हॉटेल दाखवले म्हणून पहिल्याचे बंधन सुटत नाही, आणि नुकसान दाखवता आले नाही तरी हक्क मोडला हाच अपराध पुरेसा आहे, असा निकाल २८ जून १९४४ रोजी दिला.

आता भरपाई ऐका. पाच गिनी. आम्ही कारकून माणूस, हिशेब केल्याशिवाय राहवत नाही. एक गिनी म्हणजे २१ शिलिंग. पाच गिनी म्हणजे १०५ शिलिंग. त्या वेळी रुपयाचा भाव १ शिलिंग ६ पेन्स होता, म्हणजे झाले ७० रुपये. एवढ्या मोठ्या बॅरिस्टरच्या फीपुढे ही रक्कम काय! ही भरपाई नावापुरतीच होती, आणि नुकसान सिद्ध झाले नसल्याने न्यायमूर्तींनी आपण त्याहून अधिक देऊ शकत नाही असे मानले. पण हिशेबाच्या वहीत काही नोंदी रकमेसाठी करायच्या नसतात. देणे होते आणि ते कुणाचे होते, हे लिहून ठेवण्यासाठी त्या करायच्या असतात.

क्रिकेटचा विषय आहे म्हणून आपल्याकडचे पाळवणकर बाळू आठवतात. पुण्यात हिंदू संघात खेळताना त्यांनी टाकलेला चेंडू सगळे झेलत, पण चहा मात्र त्यांना बाहेर, मातीच्या भांड्यात. ते कोणत्या कोर्टात जाणार होते? आणि १९१७ साली बडोद्यात बाबासाहेब कोणत्या कोर्टात जाणार होते? परदेशात शिकून आलेला, संस्थानात अधिकारपदावर रुजू झालेला तरुण. राहायला एक पारशी सराई मिळाली, रोजचे भाडे दीड रुपया, तीही पारशी नाव सांगून. अकराव्या दिवशी डझनभर माणसे काठ्या घेऊन जिना चढून आली. बाबासाहेबांनी मुदत मागितली, ती मिळाली नाही. संध्याकाळच्या आत जागा सोडायला लागली. मित्रांनीही आश्रय नाकारला. मग कामाठी बागेत बसून राहिले आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला आले. ही हकिगत त्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे. खोलीचे भाडे चुकते होते, पण दाद मागायला कायद्याची एक ओळ नव्हती.

ती ओळ पुढे आली. संविधानाच्या १५ व्या अनुच्छेदाच्या दुसऱ्या भागात दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले असे शब्दच आहेत. हॉटेल हा शब्द देशाच्या राज्यघटनेत कशाला, असे ज्यांना वाटते त्यांनी बडोद्याची सराई आठवावी. २९ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत या कलमावर चर्चा झाली तेव्हा ‘दुकान’ या शब्दात काय काय येते असे विचारण्यात आले. आपली सेवा लोकांना देऊ करणारे सगळेच त्यात येतात असा व्यापक अर्थ बाबासाहेबांनी सांगितला. पुढे १९५५ चा अस्पृश्यता गुन्हे कायदा आला. तोच १९७६ पासून नागरी हक्क संरक्षण कायदा म्हणून ओळखला जातो. त्याच्या चौथ्या कलमात हॉटेल, धर्मशाळा, सराई, मुसाफिरखाना सारे आहे. शिक्षा किमान एक महिना आणि जास्तीत जास्त सहा महिने कैद, शिवाय दंड.

इंग्लंडला हॉटेलच्या दारातला वर्णभेद बेकायदा ठरवायला १९६५ साल उजाडले. म्हणजे आपल्या घटनेनंतर १५ वर्षांनी! ही गोष्ट शाळेतल्या मुलांना सांगायला हरकत नाही.

अर्थात पुस्तकातला कायदा लॉजच्या गल्ल्यापर्यंत चालत येत नाही. आम्ही कार्यकर्ते परिषदेसाठी, शिबिरासाठी परगावी जातो. एका जिल्ह्याच्या गावी आमच्या चौघांसाठी खोली आहे असे आधी सांगितले होते. रजिस्टरात पहिले आडनाव लिहिले, गल्ल्यावरच्या इसमाने वही आपल्याकडे वळवून वाचली आणि लगेच त्याला आठवले की लग्नाचे वऱ्हाड यायचे आहे. आता ओळखपत्राची झेरॉक्स मागतात, त्यावर आडनाव आपोआप येते. असा नकार कोर्टात टिकवणे अवघड, कारण वऱ्हाड येणार नव्हते हे सिद्ध कोण करणार?

कॉन्स्टंटाइन यांनी अनामत आधीच भरली होती, आणि प्रसंगी एक जबाबदार साक्षीदार शेजारी उभा होता. तेव्हा बाहेरगावी जाताना आगाऊ रकमेची पावती घ्या, नकार मिळाला तर वेळ आणि बोललेले शब्द त्याच दिवशी लिहून काढा, आणि बरोबरच्या माणसाची त्यावर सही घ्या. आपल्याकडच्या कायद्यात आणखी एक सोय आहे. अडवलेला माणूस अनुसूचित जातीचा असेल तर नकार अस्पृश्यतेपोटीच दिला असे १२ व्या कलमाखाली कोर्ट धरून चालते, तसे नव्हते हे दाखवायचे काम समोरच्याचे. बौद्ध झालेल्या अनुसूचित जातीच्या बांधवांनाही केंद्राच्या १९९० च्या दुरुस्तीपासून अनुसूचित जातीत गणले जाते.

कॉन्स्टंटाइन यांनी १९५४ मध्ये ‘कलर बार’ नावाचे पुस्तक लिहिले आणि त्याच वर्षी ते बॅरिस्टरही झाले. कोर्टाची पायरी चढलेला माणूस स्वतःच वकील झाला. पुढे ते लंडनमध्ये त्रिनिदादचे उच्चायुक्त होते. १९६५ च्या कायद्याखाली तक्रारी पाहण्यासाठी जे मंडळ नेमले गेले, त्याच्या पहिल्या सभासदांत ते होते. १९६९ मध्ये त्यांना लॉर्ड्सच्या सभागृहात जागा मिळाली. तेथे बसणारे ते पहिले काळे सभासद. १ जुलै १९७१ रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले आणि त्रिनिदादला त्यांच्यावर सरकारी इतमामाने अंत्यसंस्कार झाले.

इम्पीरियलची ती जुनी इमारत त्याआधीच, १९६० च्या दशकात पाडली गेली होती. त्याच जागेवर त्याच नावाचे नवे हॉटेल उभे राहिले. कायद्याच्या विद्यार्थ्यांना मात्र जुन्या इम्पीरियलचे नाव अजून पाठ करावे लागते, कारण खटल्याच्या शीर्षकात पाहुणा आणि हॉटेल दोघे शेजारी शेजारी आहेत: कॉन्स्टंटाइन विरुद्ध इम्पीरियल हॉटेल्स लिमिटेड.